पुण्यात लष्करी कुटुंबांच्या लहान मुलांना कोण सांभाळतं? छावणीतल्या पाळणाघरापासून बालसंगोपन रजेपर्यंतचे पर्याय

पुण्याला बदली झाली की लष्करी कुटुंबाला दोन गोष्टींची चिंता लागते. क्वार्टर कधी मिळणार आणि लहान मुलांना कुठे ठेवायचं? पहिल्या प्रश्नासाठी ठरलेलं कार्यालय आणि प्रतीक्षा यादी असते. दुसऱ्या प्रश्नासाठी असं एकच दार नाही.

युनिटचं पाळणाघर, आर्मीची पूर्वप्राथमिक शाळा, केंद्रीय विद्यालयातली बालवाटिका, आईच्या कंपनीतलं क्रेश, गल्लीतल्या काकूंचं घरगुती पाळणाघर, गावाहून आलेली आजी असे अनेक पर्याय असतात. पण ते वेगवेगळ्या यंत्रणांच्या हातात आहेत. कुणाला काय मिळेल, हे मुलाचं वय, आई-वडिलांची नोकरी आणि घर छावणीच्या आत आहे की बाहेर, यावर ठरतं. हे सगळं कळेपर्यंत अनेकदा बराच काळ निघून जातो आणि तोवर आईने नोकरी सोडलेली असते. म्हणून कोणता पर्याय कुणासाठी आहे आणि तो कुठे विचारायचा, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पुण्यात हा प्रश्न इतका मोठा का?

१८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि त्यानंतर इंग्रजांनी पुण्याजवळ छावणी वसवली. आज पुणे परिसरात पुणे, खडकी आणि देहूरोड अशी तीन कॅन्टोन्मेंट आहेत. लष्कराच्या सदर्न कमांडचं मुख्यालय पुणे कॅम्पात आहे. वानवडीला सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे एएफएमसी आणि कमांड हॉस्पिटल आहे. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंग, लोहगावला हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजेच एनडीए. थोडं पुढे लोणावळ्याला नौदलाचं आयएनएस शिवाजी.

एवढ्या संस्था एकाच शहराच्या आसपास असल्या तरी त्या एकमेकींना लागून नाहीत. लोहगावला राहणाऱ्या कुटुंबाला वानवडीच्या पाळणाघराचा काही उपयोग नाही. खडकवासला तर शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे ‘पुण्यात सोय आहे’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. आपल्या स्टेशनमध्ये आणि आपल्या फाटकाच्या आत काय आहे, हेच पाहावं लागतं.

आणखी एक गोंधळ ‘कॅन्टोन्मेंट’ या शब्दाचा. कॅन्टोन्मेंट म्हणजे सगळा लष्करी तळ नव्हे. त्यात लष्करी भाग असतो आणि नागरी वस्तीही असते. एमजी रोडवरची दुकानं पुणे कॅन्टोन्मेंटमध्येच येतात. नागरी भागातल्या रस्त्यांपासून काही शाळांपर्यंतचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्ड पाहतं. लष्करी भागातली निवासस्थानं, युनिटच्या सोयी आणि कल्याण केंद्रं मात्र लष्करी अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतात. पाळणाघराची चौकशी बोर्डाच्या कार्यालयात केली तर उत्तर मिळणार नाही. ती युनिटमध्ये किंवा स्टेशन मुख्यालयात करावी लागते.

पूर्वी हा प्रश्न कसा सुटायचा?

पूर्वी बहुतेक जवानांची कुटुंबं गावीच राहायची. साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. अशा गावांत सैनिक सीमेवर आणि मुलं आजी-आजोबा, काका-काकूंकडे, ही रीतच होती. मुलांना सांभाळायला माणसं घरातच असायची.

पुढे छावण्यांमध्ये क्वार्टर वाढली. २००२ नंतर केंद्र सरकारच्या विवाहित निवासस्थान प्रकल्पातून देशभर मोठ्या संख्येने घरं बांधली गेली. तरुण जोडपी आणि त्यांची मुलं छावणीत आली, आजी-आजोबा गावीच राहिले. त्यात आता अनेक सैनिकांच्या पत्नी शिक्षिका, परिचारिका, बँक कर्मचारी किंवा आयटी अभियंता आहेत. वडिलांची ड्यूटी पहाटे पीटीने सुरू होते आणि ती कधी संपेल याचा नेम नसतो. दोन-तीन वर्षांनी पुन्हा बदली असतेच. शेजाऱ्यांशी मूल त्यांच्याकडे ठेवण्याइतकी ओळख होते, तेव्हा निघायची वेळ झालेली असते.

कायदा काय सांगतो?

भारतात पाळणाघराचा कायदेशीर हक्क आहे, पण तो कामगार कायद्यांतून आलेला आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कारखान्यातल्या पाळणाघराची तरतूद होती. १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० पेक्षा जास्त महिला कामगार असलेल्या कारखान्याला सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची खोली ठेवणं बंधनकारक झालं. पुढे मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. तिने भरपगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाण्याची मुभाही त्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ५० कर्मचाऱ्यांची अट आणि चार भेटींची तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे.

लष्करी कुटुंबांसाठी याचा अर्थ काय? सैनिक ‘कामगार’ या व्याख्येत येत नाही. त्याच्या रजा आणि सवलती सेवेच्या नियमांतून ठरतात. खडकीचंच उदाहरण घेता येईल. तिथे १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आहे आणि जवळच बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. कर्मचाऱ्यांची संख्या कायद्याच्या अटीत बसली की कारखान्याला पाळणाघर द्यावं लागतं. सॅपर्सच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या आईला मात्र सैनिकाची पत्नी म्हणून असा हक्क नाही. तिच्यासाठी जी सोय होते, ती ‘कल्याण’ या सदरात मोडते. स्थानिक अधिकाऱ्यांनी पुढाकार घेतला, जागा आणि निधी मिळाला तर ती चांगली चालते. हे जुळून आलं नाही, तर तक्रार करायला कायद्याचं कलम नसतं.

छावणीच्या आत कोणते पर्याय असतात?

*युनिट आणि ‘आवा’ची पाळणाघरं*

आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन, म्हणजे ‘आवा’, ही सैनिकांच्या पत्नींची संघटना १९६६ मध्ये नोंदवली गेली. लष्करप्रमुखांच्या पत्नी तिच्या अध्यक्ष असतात आणि खाली कमांडपासून युनिटपर्यंत तिची साखळी असते. हवाई दल आणि नौदलातही अशा संघटना आहेत. छावण्यांमधली पाळणाघरं, प्ले स्कूल, शिवणवर्ग आणि समुपदेशनाचे उपक्रम प्रामुख्याने याच संघटना आणि युनिटची कुटुंब कल्याण केंद्रं चालवतात.

इथली मोठी सोय म्हणजे अंतर आणि सुरक्षितता. पाळणाघर फाटकाच्या आत असतं आणि तिथल्या बायका ओळखीच्या असतात. मर्यादाही त्यातूनच येतात. जागा थोड्या असतात. काही ठिकाणी फक्त अर्धा दिवस मुलं घेतली जातात. पूर्ण दिवस नोकरी करणाऱ्या आईला दुपारनंतरची वेगळी सोय शोधावी लागते. शिवाय सांभाळणाऱ्या बऱ्याच जणी स्वतः सैनिकांच्या पत्नी असतात. त्यांच्या नवऱ्याची बदली झाली की त्याही जातात.

*आर्मीच्या पूर्वप्राथमिक शाळा*

आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी १९८३ मध्ये स्थापन झाली. पुण्यात पुणे कॅम्प परिसर, खडकी आणि दिघी इथे आर्मी पब्लिक स्कूल आहेत. पहिलीच्या आधीच्या मुलांसाठी छावण्यांमध्ये आर्मी प्री-प्रायमरी स्कूल असतात आणि त्या स्थानिक लष्करी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालतात. प्रवेशात सेवेत असलेल्या लष्करी कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य मिळतं.

मात्र ही शाळा आहे, पाळणाघर नव्हे. तीन वर्षांखालचं मूल इथे घेतलं जात नाही. वर्ग काही तासांचाच असतो आणि सुट्ट्या शाळेच्या असतात. उन्हाळ्यात आई कामावर आणि मूल घरी, हा पेच कायम राहतो.

*विशेष मुलांसाठी आशा स्कूल*

शारीरिक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ‘आवा’ देशभर ‘आशा’ नावाच्या शाळा चालवते. पुण्यातही आशा स्कूल आहे. अशा मुलाचं निदान, उपचार आणि शिक्षण एकाच शहरात होणं गरजेचं असतं. पुण्यात कमांड हॉस्पिटल असल्यामुळे ते तुलनेने सोपं जातं. विशेष मूल असलेल्या सैनिकाला बदलीसाठी ठिकाण सुचवताना वैद्यकीय कागदपत्रं जोडून विनंती करता येते. त्यामुळे निदानाची कागदपत्रं पहिल्या दिवसापासून सांभाळून ठेवणं महत्त्वाचं ठरतं.

नाव नोंदवायला कोणती कागदपत्रं लागतात?

छावणीतल्या कोणत्याही सोयीचा लाभ घ्यायचा तर मूल आधी लष्कराच्या नोंदीत असावं लागतं. लष्करात मुलाच्या जन्माची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये होते. हवाई दलात त्याच कामासाठी ‘पीओआर’ असतो. मूल गावाकडच्या दवाखान्यात जन्मलं आणि वडील सीमेवर असले, की ही नोंद रखडते. मग डिपेंडंट कार्डही रखडतं आणि शाळाप्रवेशही.

साधारणपणे ही कागदपत्रं हाताशी ठेवावीत:

- महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला
- पार्ट टू ऑर्डरची प्रत आणि डिपेंडंट कार्ड
- लसीकरणाचं कार्ड
- बदलीच्या आदेशाची प्रत किंवा युनिटचं सेवेचं प्रमाणपत्र
- मुलाला ॲलर्जी किंवा आजार असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी
- मुलाला घेऊन जाण्याची परवानगी असलेल्या व्यक्तींची नावं आणि फोटो

केंद्रीय विद्यालयाचं काय?

बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीच केंद्रीय विद्यालयं सुरू झाली. पुण्यात सदर्न कमांड, बीईजी खडकी, सीएमई, गणेशखिंड, ९ बीआरडी आणि देहूरोड अशा ठिकाणी ती आहेत. प्रवेशाच्या पहिल्या प्राधान्य गटात सेवेतल्या सैनिकांची मुलं येतात. गेल्या सात वर्षांत पालकांच्या किती बदल्या झाल्या, हेही प्राधान्य ठरवताना पाहिलं जातं. म्हणून बदल्यांचे आदेश जपून ठेवावेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२२-२३ पासून निवडक केंद्रीय विद्यालयांत ‘बालवाटिका’ सुरू झाली. ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सगळ्या शाळांत ती नाही, त्यामुळे जवळच्या शाळेत तो वर्ग आहे का, हे आधी पाहावं लागतं.

वयाच्या नियमात मात्र अनेक पालक अडकतात. पहिलीसाठी वय सहा वर्षं हवं, हे सगळीकडे सारखं आहे. पण ते कोणत्या तारखेला पूर्ण हवं, ते वेगळं आहे. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला वय मोजतात. महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळांत ३१ डिसेंबर ही तारीख धरली जाते. समजा, मूल ऑगस्टमध्ये सहा वर्षांचं होणार आहे. राज्याच्या शाळेत त्याला त्या वर्षी जूनमध्ये पहिलीत प्रवेश मिळू शकतो. केंद्रीय विद्यालयात एक वर्ष थांबावं लागेल. पुढच्या बदलीनंतर केंद्रीय विद्यालयातच जायचं असेल, तर हा हिशेब बालवाडीपासूनच करावा लागतो.

पैशांची मदत मिळते का?

मुलांच्या शिक्षणासाठी भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगाने तो दोन मुलांपर्यंत दरमहा प्रत्येकी २,२५० रुपये ठरवला होता. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर त्यात २५ टक्के वाढ झाली आणि १ जानेवारी २०२४ पासून तो २,८१२.५० रुपये झाला. अपंग मुलासाठी ही रक्कम दुप्पट असते.

हा भत्ता शाळेच्या वर्गांसाठी आहे. पहिलीच्या आधीचे वर्ग ते बारावी एवढीच त्याची कक्षा आहे. एक-दोन वर्षांच्या बाळाच्या पाळणाघराची फी त्यात बसत नाही. म्हणजे सांभाळण्याचा खर्च ज्या वयात सर्वात जास्त असतो, त्याच वयात हा भत्ता लागू होत नाही.

छावणीबाहेर कोणते पर्याय आहेत?

क्वार्टर मिळेपर्यंत अनेक कुटुंबं भाड्याच्या घरात राहतात. वानवडी, साळुंके विहार, कोंढवा, विश्रांतवाडी, धानोरी, लोहगाव या भागांत अशी बरीच घरं आहेत. साळुंके विहार ही तर आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशनने उभारलेली वसाहत. तिथे निवृत्त सैनिकांची वस्ती मोठी आहे आणि कोणतं पाळणाघर चांगलं याची खात्रीची माहिती तिथल्या आजी-आजोबांकडून मिळू शकते.

बाहेरचे पर्याय साधारण तीन प्रकारचे आहेत.

*घरगुती पाळणाघर.* पुण्यात ही जुनी पद्धत आहे. एखादी गृहिणी आपल्याच घरात पाच-दहा मुलं सांभाळते. वेळ लवचीक असते, जेवण घरचं असतं आणि फी कमी असते. पण त्या स्वतः आजारी पडल्या किंवा गावी गेल्या तर दुसरी सोय नसते.

*खासगी डे-केअर आणि प्री-स्कूल.* इथे वेळ ठरलेली, कर्मचारी जास्त आणि सीसीटीव्ही असतात. साखळीतलं डे-केअर असेल, तर बदलीच्या शहरातही त्याची शाखा सापडू शकते. फी मात्र जवानाच्या पगाराला जड जाणारी असते.

*अंगणवाडी आणि ‘पाळणा’ योजना.* एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंगणवाडीत पूरक आहार मिळतो, लसीकरणाची मदत होते आणि तीन वर्षांपुढच्या मुलांना शिकवलंही जातं. पण अंगणवाडी काही तासच चालते. हे लक्षात घेऊन केंद्राने जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पाळणा’ योजनेत रूपांतर केलं. त्यात काही अंगणवाड्यांना पाळणाघराची जोड दिली जाते. सैनिकाच्या कुटुंबालाही इतर नागरिकांप्रमाणे या सोयी वापरता येतात. घराजवळच्या अंगणवाडी सेविकेला विचारणं हा त्यातला सर्वात सोपा मार्ग.

खासगी पाळणाघर निवडताना काय पाहावं?

२०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण होत असल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि राज्यभर खळबळ उडाली. पाळणाघरांवर लक्ष कोण ठेवतं, हा प्रश्न त्या वेळी पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी किमान निकष जाहीर केले. ते बाहेरच्या प्रत्येक पाळणाघराला बंधनकारक नाहीत, पण पालकांना मोजपट्टी म्हणून वापरता येतात. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे किमान एक प्रशिक्षित व्यक्ती आणि तीन वर्षांवरील वीस मुलांमागे एक, हे त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं प्रमाण.

नाव घालण्यापूर्वी पुढच्या गोष्टी पाहाव्यात:

- न सांगता, कामाच्या वेळेत जाऊन बघू देतात का?
- एका बाईकडे किती मुलं आहेत? सगळ्यात लहान मूल किती महिन्यांचं आहे?
- कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का?
- जागा तळमजल्यावर आहे का? बाहेर पडायला दुसरं दार आहे का?
- मूल आजारी पडलं तर कुणाला फोन करतात आणि कोणत्या दवाखान्यात नेतात?
- आई-वडिलांशिवाय दुसरं कुणी न्यायला आलं तर काय करतात?
- महिन्याच्या मध्येच बदली झाली तर अनामत रक्कम परत मिळते का?

शेवटचा प्रश्न लष्करी कुटुंबांसाठी खास महत्त्वाचा आहे. वर्षभराची फी आधी भरली आणि चार महिन्यांत बदली आली, तर पैसे अडकतात. ही अट लेखी घ्यावी.

घरी सांभाळायला बाई ठेवायची असेल आणि घर लष्करी भागात असेल, तर तिची पोलीस पडताळणी आणि फाटकाचा पास लागतो. त्याला वेळ लागत असल्यामुळे आई कामावर रुजू होण्याच्या बऱ्याच आधी हे काम सुरू करावं. मुलाशी गैरवर्तन झाल्याचा संशय आला, तर १०९८ या बालमदत क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो.

आई खासगी कंपनीत असेल तर?

खराडी, हिंजवडी किंवा मगरपट्टा इथे काम करणाऱ्या सैनिकांच्या पत्नींची संख्या कमी नाही. त्यांच्यासाठी छावणीपेक्षा त्यांची कंपनी अधिक उपयोगी ठरू शकते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हा कायदेशीर हक्क आहे. कंपनीने ते स्वतः चालवावं असं नाही. इतर कंपन्यांबरोबर मिळून किंवा बाहेरच्या पाळणाघराशी करार करूनही ती सोय देता येते.

हा हक्क नवऱ्याच्या नोकरीशी जोडलेला नाही. म्हणून नवरा लडाखला गेला, क्वार्टर बदललं, तरी आईची नोकरी आहे तोवर पाळणाघर टिकतं. नोकरी स्वीकारतानाच मनुष्यबळ विभागाला याबद्दल लेखी विचारावं.

वडील फील्डमध्ये असतील तर?

सीमेवरच्या किंवा अशांत भागातल्या पोस्टिंगवर कुटुंबाला नेता येत नाही. अशा वेळी कुटुंबासाठी पीस स्टेशनमध्ये ‘सेपरेटेड फॅमिली’ क्वार्टर मिळण्याची तरतूद आहे. पुण्यासारख्या ठिकाणी शाळा, दवाखाना आणि गावाकडची एसटी सगळंच जवळ असल्याने मराठी कुटुंबांची त्याला पसंती असते.

या क्वार्टरमधली आई दोन-अडीच वर्षं एकटीच पालक असते. मूल रात्री तापाने फणफणलं तर धाकट्याला कुणाकडे ठेवायचं, इथपासून सगळं तिलाच बघावं लागतं. अशा कुटुंबांनी स्टेशन मुख्यालयात आणि जवळच्या कुटुंब कल्याण केंद्रात आपली नोंद नक्की करावी. पाळणाघरातल्या मोजक्या जागा वाटताना अशा आईची अडचण मांडता येते, पण ती माहीत असेल तरच. सासू किंवा आई गावाहून येऊन राहणार असेल, तर तिचंही ओळखपत्र आणि नोंद वेळेत करून घ्यावी.

आईच वर्दीत असेल तर?

आजवर छावणीतल्या मुलांची सोय ‘जवानांच्या पत्नींचं कल्याण’ या चौकटीत पाहिली गेली. ती चौकट आता अपुरी पडते आहे.

लष्करी परिचर्या सेवेत विवाह केल्यावर सेवेतून काढण्याचा नियम एके काळी होता. १९८८ मध्ये असं काढलेल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ६० लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितली. तो नियम १९९५ मध्येच रद्द झाला होता. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशनचा मार्ग खुला झाला. २०२२ मध्ये एनडीएत मुली दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यातून बाहेर पडली. महिला आता पूर्ण कारकीर्द सेवेत घालवणार, म्हणजे आई झाल्यावरही त्या युनिटमध्येच असणार.

त्यांच्यासाठी सध्या मुख्य आधार आहे रजांचा. महिला अधिकाऱ्यांना दोन मुलांपर्यंत प्रत्येकी १८० दिवसांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. संपूर्ण सेवेत ३६० दिवसांची बालसंगोपन रजा घेता येते, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. एक वर्षाखालचं मूल दत्तक घेतल्यास १८० दिवसांची रजा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी हे नियम महिला सैनिक, नौसैनिक आणि हवाई योद्ध्यांनाही लागू करायला मंजुरी दिली. २०१९ पासून बालसंगोपन रजा एकल पालक असलेल्या पुरुष सैनिकांनाही मिळते. एका वेळी किमान १५ दिवस घेण्याची अटही त्याच वेळी पाच दिवसांवर आणली गेली.

दोन त्रुटी मात्र उरतात. संरक्षण खात्याच्याच कार्यालयातल्या नागरी महिला कर्मचाऱ्याला बालसंगोपन रजा ७३० दिवसांची आहे, वर्दीतल्या अधिकाऱ्याला ३६०. आणि विवाहित वडिलांना ही रजा नाही. म्हणजे दोघेही सेवेत असलेल्या जोडप्यात मूल आजारी पडलं की ही रजा आईच्याच खात्यातून जाणार. रजा संपल्यावर रात्रपाळीच्या किंवा पहाटेच्या ड्यूटीला मूल कुठे ठेवायचं, याचं उत्तर रजेच्या नियमात नाही. त्यासाठी ड्यूटीच्या वेळेत उघडं असणारं पाळणाघरच लागतं.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेत १९८० च्या दशकात लष्करी तळांवरची पाळणाघरं लांब प्रतीक्षा याद्या आणि असुरक्षिततेच्या तक्रारींनी गाजत होती. १९८९ मध्ये तिथल्या संसदेने मिलिटरी चाइल्ड केअर ॲक्ट केला. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, अचानक तपासणी आणि कुटुंबाच्या एकूण उत्पन्नानुसार फी, असे नियम त्याने घालून दिले. कमी पगाराच्या शिपायाला कमी फी, अधिकाऱ्याला जास्त. बाकी खर्च सरकार उचलतं. तळावर जागा नसेल, तर बाहेरच्या मान्यताप्राप्त पाळणाघराच्या फीसाठी मदत मिळते. नावनोंदणीसाठी एकच संकेतस्थळ आहे. तरीही तिथल्या प्रतीक्षा याद्या संपलेल्या नाहीत.

भारतातल्या व्यवस्थेशी यातला मुख्य फरक जबाबदारीचा आहे. तिथे पाळणाघर ही संरक्षण खात्याची कायदेशीर जबाबदारी आहे आणि सैनिक ड्यूटीवर हजर राहावा यासाठीची गरज मानली जाते. इथे ती अजून मुख्यतः कल्याणकारी उपक्रम आहे.

पुण्याला बदली आली तर कोणत्या क्रमाने चौकशी करावी?

१. आदेश हातात पडताच मुलाची पार्ट टू ऑर्डर आणि डिपेंडंट कार्ड तपासावं. नोंद राहिली असेल तर जुन्या युनिटमधूनच पूर्ण करून घ्यावी.

२. नव्या युनिटच्या कुटुंब कल्याण केंद्रात फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. किती महिन्यांपासूनची मुलं घेतात, किती वाजेपर्यंत ठेवतात आणि यादीत किती जण आहेत.

३. क्वार्टरसाठी अर्ज करतानाच तात्पुरतं घर कुठे घ्यायचं ते ठरवावं. पाळणाघर आधी आणि घर नंतर शोधलं तर धावपळ कमी होते.

४. मूल तीन वर्षांचं होत असेल तर आर्मी प्री-प्रायमरी आणि बालवाटिका, दोन्हीकडचे प्रवेशाचे महिने पाहावेत. बदली वर्षाच्या मध्ये असेल तर बदलीचा आदेश दाखवून जागेची चौकशी करता येते.

५. आई नोकरी करत असेल तर कंपनीला पाळणाघराबद्दल लेखी विचारावं.

६. आई सेवेत असेल तर उरलेल्या बालसंगोपन रजेचा हिशेब काढावा. ती सलग संपवण्याऐवजी सुट्ट्या आणि बदलीच्या काळासाठी राखून ठेवता येते.

७. काहीच जमलं नाही तर स्टेशन मुख्यालयाकडे लेखी विनंती द्यावी. तोंडी विचारणा कुठेच मोजली जात नाही. किती कुटुंबांना पाळणाघर हवं आहे, याचा आकडा अशा अर्जांतूनच तयार होतो, आणि नव्या सोयीसाठी जागा किंवा निधी मागताना अधिकाऱ्यांना तोच पुढे ठेवावा लागतो.